उरलेले १६० तास

पत्र

आदरणीय काका,

मी दारव्हा तालुक्यातली. वय २९. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात आहे, नोकरी अजून नाही. मी, माझा मावसभाऊ आणि नागपूरचे एक डॉक्टर असं तिघांनी मिळून जुनं सेसना १७२ विमान घ्यायचं ठरवलंय. धंद्यासाठी नाही, आमच्या स्वतःच्या उड्डाणासाठी.

दोन विमानं पाहून आलो. पहिलं १७२ एन. त्याच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्यानं जोडणं, २००९ साली झालं, त्यानंतर १,८४० तास झालेत. आताच्या मालकांनी ते २०१९ मध्ये घेतलं, चारही सिलिंडर नवे बसवले, आणि तेव्हापासून ते फक्त ५० तास उडालंय. किनाऱ्याजवळच्या एका गावी कव्हर घालून उभं असतं. रंग, सीटा, सगळं नव्यासारखं. कॉम्प्रेशन ८० पैकी ७६ ते ७८. मालक म्हणतात, टीबीओ (पुढच्या ओव्हरहॉलपर्यंतची मुदत) २,००० तासांचा आहे, म्हणजे १६० तास उरलेत, दोन वर्षं आरामात निघतील. मधूनमधून ते इंजिन जमिनीवर चालवून ठेवतात. किंमत ६८ लाख.

दुसरं १७२ पी. एका प्रशिक्षण संस्थेत पाच वर्षांत १,९६० तास उडालेलं. रंग उडालाय, सीटा फाटल्यात, कॉम्प्रेशन ७० ते ७४. किंमत ६० लाख. सगळे म्हणतात पहिलंच घ्या, दुसऱ्याचं इंजिन संपलेलं आहे. एकानं तर सांगितलं, दोन्ही सोडा, नुकतंच ओव्हरहॉल झालेलंच बघा.

माझ्या वाट्यासाठी बाबा नाल्याकडचं तीन एकर वावर विकायला निघालेत. गिऱ्हाईक आलंय, पुढच्या महिन्यात इसार. बाबांनी आयुष्यभर जुने ट्रॅक्टर घेतले आणि विकले. पहिल्या विमानाचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "उभं मशीन सडते, पोरी. पण विमानातलं मले काही समजत नाही."

काय करू?

तुमची,
एक वाचक

उत्तर

पोरी,

काका म्हणालीस, म्हणून अगंतुगं करतो. विमानातलं समजत नाही म्हणणाऱ्या तुझ्या बाबांनी या व्यवहारातली सगळ्यात मोठी गोष्ट एका वाक्यात सांगून टाकली आहे. माझं पुढचं सगळं पत्र त्यांच्या त्या वाक्याचाच खुलासा समज.

पहिल्या विमानात १६० तास उरलेले नाहीत. दोन हजारातून १,८४० वजा करून जे येतं ते फक्त वजाबाकीचं उत्तर आहे.

टीबीओ म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला काळ. इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी तो दोन मापांत सांगते, आणि विकणारा नेहमी एकच माप सांगतो. या दोन्ही विमानांत ओ-३२० जातीची इंजिनं आहेत. त्यांना २,००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. २००९ मध्ये १२ मिळव. पहिल्या विमानाचं इंजिन कंपनीच्या मापानं २०२१ सालीच भरलं. तास उरले असतील, वर्षं उरली नाहीत. कंपनीनं वर्षांचं माप काहून घातलं असेल? कारण इंजिन चालून झिजतं तसं उभं राहूनही खराब होतं, आणि उभं राहण्याची नोंद कुठल्याच मीटरवर होत नाही.

हे नीट समजून घे, कारण तुझे तीन एकर इथे अडकले आहेत. लायकॉमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हाल्व उघडणारा दांडा, हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. त्याला तेल मिळतं ते मुख्यतः खालून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. इंजिन बंद केलं की कॅमवरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं. काही आठवड्यांत लोब (कॅमवरचे उंचवटे) आणि टॅपेट (त्यांवर टेकून व्हाल्व ढकलणारे खुंट) यांचे घासणारे पृष्ठभाग जवळजवळ उघडे पडतात. क्रँककेसच्या, म्हणजे या सगळ्याला झाकणाऱ्या पेटीच्या, आतली हवा दमट असते. दिवसा तापते, रात्री निवते, आणि आत दव धरतं. आपल्या श्रावणात घरातल्या विळ्याच्या पात्यावर दोन दिवसांत तांबूस डाग येतो ना, तसंच. किनाऱ्यालगत, खाऱ्या हवेत, सहा पावसाळे, तेही उघड्यावर कव्हर घालून! नंतर एक दिवस कुणीतरी चावी फिरवतं आणि तो बारीक गंज टॅपेटच्या तोंडाखाली भरडला जातो. पृष्ठभागाची कडक कातडी निघते, खड्डे पडतात, लोबचं टोक झिजायला लागतं. हे त्या दिवशी कळत नाही. पन्नास, शंभर तासांनी कळतं, आणि तोवर विमान नव्या मालकाकडे असतं.

मालक मधूनमधून इंजिन जमिनीवर चालवून ठेवतात, हे वाचून मला जास्त काळजी वाटली. त्यांचा हेतू चांगला असेल. पण जमिनीवर दहा मिनिटं चालवल्यानं तेलातलं पाणी उडत नाही. ज्वलनातून तयार झालेली नवी वाफ उलट आत जाते, तेलात आम्ल वाढतं, आणि मग इंजिन पुन्हा महिनाभर उभं. लायकॉमिंगचं सांगणं असं की तीस दिवसांत निदान एकदा तरी सलग तासभर उड्डाण व्हावं आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ ते ९३ सेल्सिअसमध्ये राहावं. विमान उडवायचं नसेल तर इंजिनात प्रिझर्व्हेशन ऑइल भरून, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावून ते रीतसर झाकून ठेवायचं असतं. तशी नोंद लॉगबुकात आहे का, विचार. नसेल तर नाही असंच धर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. तरुणपणी माझ्याकडे असंच एक विमान तपासणीला आलं होतं. दोन पावसाळे हँगरमध्ये उभं राहिलेलं. कॉम्प्रेशन छान आलं, ग्राउंड रन गुळगुळीत झाला, तेल स्वच्छ होतं. स्वच्छच असणार, नुकतं बदललेलं होतं. घेणाऱ्याला मी सांगितलं, घ्या. साठेक तासांनी त्यांनी तेलाचा फिल्टर कापला तर घड्यांमध्ये चुंबकाला चिकटणारे चकचकीत कण निघाले. सिलिंडर काढून पाहिलं, एका लोबचं टोक गोल झालेलं. पूर्ण इंजिन उघडावं लागलं. त्या माणसानं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. तो मला एक शब्द बोलला नाही, पण मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो. कॅम बघितल्याशिवाय मी "घ्या" म्हणायला नको होतं.

त्यातून तुझं पहिलं विमान १७२ एन आहे. त्यात मूळचं ओ-३२०-एच२एडी हे इंजिन येतं. याच इंजिनाचा कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठी नावलौकिक वाईट आहे. इतका, की तेलात लायकॉमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे अ‍ॅडिटिव्ह घालण्यासाठी १९८० साली अमेरिकेत सक्तीचा आदेश निघाला, क्रमांक ८०-०४-०३. लॉगबुकात प्रत्येक तेलबदलाला त्या अ‍ॅडिटिव्हची नोंद शोध. याच इंजिनात प्लगला ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात, एकाच गिअरवर चालतात. म्हणजे दोन प्लग, दोन मॅग्नेटो असूनही चालवणारा दुवा एकच. मी हे इंजिन टाकाऊ म्हणत नाही. रोज उडणाऱ्या एच२एडीनं २,००० तास पूर्ण केलेले आहेत. पण उभं ठेवायला याच्याइतकं चुकीचं इंजिन शोधून सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची आहे. एच२एडीचे टॅपेट क्रँककेस न फोडता बाहेर काढता येतात. पहिलं विमान घ्यायचंच झालं तर आठही टॅपेट काढून त्यांची तोंडं बघायची, आणि त्या भोकांतून कॅमचे लोब बघायचे. मालक परवानगी देत नसतील तर तिथून परत ये.

आता त्या ७८ च्या कॉम्प्रेशनकडे येऊ. तुला ते पटलं, कारण आपल्या सगळ्यांना तो आकडा पटतो. चाचणीत सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि किती टिकते ते मोजतात. ती हवा रिंगा आणि व्हाल्व अडवतात. म्हणजे ही चाचणी सिलिंडरची आहे. त्यांचे सिलिंडर २०१९ चे, जेमतेम ५० तास चाललेले, मग ७८ येणारच. खालचा कॅम, क्रँक, बेअरिंग, तेलपंप २००९ पासूनचे आहेत, आणि त्यांच्याबद्दल हा आकडा एक अक्षर बोलत नाही. नुसते सिलिंडर बदलण्याला टॉप ओव्हरहॉल म्हणतात. ट्रॅक्टरला नवीन स्लीव्ह-पिस्टन टाकले म्हणजे क्रँक नवा होत नाही, हे बाबांना विचार, ते लगेच सांगतील.

आणि दुसऱ्या विमानाचे ७० ते ७४? लायकॉमिंगच्या मोजमापात सगळे सिलिंडर ७० च्या वर आणि एकमेकांत ५ पौंडांपेक्षा जास्त फरक नाही, हे समाधानकारक धरतात. फरक १० ते १५ झाला तर शोध घ्यायचा, ६५ च्या खाली आलं तर झीज समजायची. म्हणजे १,९६० तास झालेल्या इंजिनासाठी ७० ते ७४ हा चांगला निकाल आहे. चाचणी मात्र इंजिन गरम असताना, तुझ्या विश्वासातल्या इंजिनिअरनं तुझ्या डोळ्यांसमोर करावी. ८० पौंडांची हवा सिलिंडरमध्ये असताना प्रोपेलर झटक्यानं फिरू शकतो. तो धरायला जाणता माणूस लागतो, तू हौसेनं पुढे होऊ नकोस. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून सुसकारते ते. एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हाल्व, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हाल्व, तेलाच्या भरणीतून आला तर रिंगा. रिंगांची गळती एक वेळ चालते. एक्झॉस्ट व्हाल्वची चालत नाही, कारण जळलेला व्हाल्व हवेत तुटतो.

म्हणून बोरस्कोप. बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घालायचा आणि चारही एक्झॉस्ट व्हाल्वची तोंडं बघायची. चांगल्या व्हाल्ववर रंगाची वर्तुळं मध्यभागाभोवती सारखी दिसतात. एका कडेला हिरवट किंवा पांढरट चंद्रकोर दिसली तर तिथे व्हाल्व नीट बसत नाही आणि जळायला लागलाय. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे ठिपकेही याच कॅमेऱ्यात दिसतात. फोटो काढून ठेव.

दुसऱ्या विमानाकडे माझा ओढा आहे हे तुला कळलंच असेल. पाच वर्षांत १,९६० तास, म्हणजे महिन्याला सरासरी ३३ तास. त्या इंजिनाला गंजायला वेळच मिळालेला नाही. तेल रोज गरम झालं, पाणी रोज उडून गेलं. लायकॉमिंग स्वतः म्हणते की ओव्हरहॉलपासून सतत महिन्याला ४० तास किंवा जास्त उडणाऱ्या इंजिनाला टीबीओवर आणखी २०० तास मिळू शकतात. तुझं ३३ मध्ये येतं, म्हणून ते २०० तास धरू नकोस. २,००० च्या पुढे एक तास तरी मिळेल हेही स्वतः ठरवू नकोस. आपल्याकडे त्या विमानाचा मंजूर देखभाल कार्यक्रम काय म्हणतो त्यावर सगळं चालतं. ज्या संस्थेकडे तुमच्या विमानाची देखभाल-व्यवस्था जाणार तिच्याकडून हे लेखी घे, तेही पैसे देण्याआधी.

पण प्रशिक्षणाच्या विमानाला त्याचे त्याचे आजार असतात, आणि ते मी लपवणार नाही. शिकाऊ हात विमान आपटतात. नाकाचं चाक आधी टेकतं, कधी मोडतं, आणि प्रोपेलर जमिनीला लागतो. प्रोपेलर लागला की झटका थेट क्रँकमध्ये जातो, आणि मागच्या गिअरचा बोल्ट सैल होऊ शकतो किंवा तुटू शकतो. तो तुटला तर इंजिन त्याच क्षणी थांबतं. अशा धक्क्यानंतर काय उघडून तपासायचं यासाठी २००४-१०-१४ या क्रमांकाचा अमेरिकेचा सक्तीचा आदेश आहे. लॉगबुकात प्रोपेलर बदलल्याची, सरळ केल्याची, नाकाचा पाय दुरुस्त केल्याची नोंद शोध. अशी नोंद सापडली आणि तिच्या जवळपास इंजिन तपासणीची नोंद नसेल, तर हे विमानही सोड. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, सुरकुत्या आहेत का तेही बघ, त्या आपटल्याची साक्ष देतात.

मग फिल्टर. प्रशिक्षण संस्थेत दर ५० तासांना तेल बदलतात, फिल्टर कापतात, म्हणजे त्यांच्याकडे चाळीसेक तेलबदलांची नोंद असायला हवी. ती वही मागून घे आणि दुपारभर बसून वाच. मी कुठल्याही विमानात सगळ्यात आधी तीच वाचतो. किती तासांनी किती तेल घातलं, फिल्टरमध्ये काय निघालं, कुठला सिलिंडर कधी काढला. तेल आधी आठ तासांना एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) लागत होतं आणि आता तीन तासांना लागतं, असा बदल दिसला तर थांब. १६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला कंपनीची वरची मर्यादा तासाला जवळपास अर्धा लिटर येते. त्या मर्यादेला टेकलेलं इंजिन कागदावर पास असतं, पण मी त्यात बसणार नाही. तेलाचे प्रयोगशाळेतले अहवाल असतील तर लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम आणि सिलिकॉन यांचे आकडे एकाखाली एक लिहून काढ. एकट्या अहवालाला अर्थ नाही, चढता क्रम आहे का ते बघ. सिलिकॉन म्हणजे धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो. हवेचा फिल्टर फाटका असेल तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो आणि रिंगा खरवडतो.

सध्या बसलेला फिल्टर तुझ्यासमोर कापून घे. करवतीनं नाही, त्यासाठी कटर येतो, नाहीतर करवतीचाच कीस फिल्टरमध्ये सापडेल आणि तुम्ही सगळे घाबराल. घड्या उलगडून उन्हात धरायच्या, चुंबक फिरवायचं. काळी काजळी चालते. एखाद-दुसरा बारीक कण चालतो. चुंबकाला चिकटणाऱ्या पापुद्र्यांचा ढीग चालत नाही.

बाबांना सोबत ने. हे मी मनापासून सांगतोय. जुना ट्रॅक्टर घेणारा शहाणा माणूस न सांगता सकाळी सकाळी जातो आणि आधी बोनटवर हात ठेवतो, कारण गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. विमानाचंही तेच. मालकाला आधीच सांग की इंजिन थंड हवं. पहिल्या दोन मिनिटांत खडखड करून मग गुळगुळीत झालं तर एक्झॉस्ट व्हाल्व त्याच्या गाइडमध्ये अडकतोय असा संशय धर, त्यासाठी व्हाल्व हलवून बघायची वेगळी चाचणी आहे, ती करून घे. विमानाच्या पोटाखाली वाकून ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीमागे तेलाचा ओघळ किती लांब गेलाय ते बघा. एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवा. राखाडी कोरडी पूड चांगली, काळा तेलकट चिकटा वाईट. मीटरबद्दलही बाबांना विचार, केबल काढून चालवलेले ट्रॅक्टर त्यांनी पाहिले असतील. विमानात टॅकोमीटरचा (इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा) तास आणि हॉब्सचा (घड्याळासारखे तास मोजणाऱ्या मीटरचा) तास सारखे नसतात. टॅको ठरावीक वेगालाच घड्याळाबरोबर चालतो, कमी वेगाला तो मागे पडतो. दोन्ही विमानांचे तास कुठल्या मीटरचे आहेत ते विचार, आणि टॅको कधी बदलला असेल तर त्या दिवशीचा आकडा लॉगबुकात सापडला पाहिजे.

मॅग्नेटोवर फार लिहीत नाही, तू परवानाधारक आहेस. ड्रॉप, म्हणजे एक मॅग्नेटो बंद केल्यावर पडणारा वेग, आणि दोन्हींमधला फरक हँडबुकात दिलेल्या मर्यादेत हवा, आणि ५०० तासांची आतली तपासणी झाल्याची नोंद हवी.

उड्डाण चाचणी मात्र उन्हात कर. नागपूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे. मे महिन्यात ४५ अंशाला तिथली हवा विमानाला जवळपास ४,८०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. इंजिन, प्रोपेलर, पंख, तिघंही कमी काम करतात. सकाळी सहाला हलकं वाटणारं इंजिन दुपारी दोनला खरं बोलतं. पूर्ण थ्रॉटलला जमिनीवर आरपीएम हँडबुकाइतका येतो का, चढताना तेलाचं तापमान कुठे जाऊन थांबतं, आणि उतरल्यावर गरम इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगाला, असताना तेलाचा दाब किती राहतो, हे तीन आकडे लिहून आण. १७२ एनला हिरवा पट्टा ६० ते ९० पौंडांचा आणि आयडलला किमान २५ आहे. गरम तेलात काटा २५ ला चिकटून बसला तर बेअरिंग किंवा तेलपंपाकडे संशय जातो.

आता पैसा. ओव्हरहॉलला, ने-आण आणि काढ-घाल धरून, मी हिशेबापुरते ३५ लाख धरतो. तू खरा आकडा लेखी मागव, आणि इंजिन किती महिने बाहेर राहील तेही विचार. मिहानमध्ये बोइंगची कामं होतात म्हणून आपलं चार सिलिंडरचं पिस्टन इंजिन नागपुरात सुटेल, असं गृहीत धरू नकोस. ३५ लाखांना २,००० तासांनी भाग. एका तासाची किंमत झाली १,७५० रुपये. पहिल्याचे १६० तास अगदी खरे मानले तरी त्यांची किंमत २ लाख ८० हजार. दुसऱ्याच्या ४० तासांची ७० हजार. फरक २ लाख १० हजारांचा. आणि तुझ्याकडे ते पहिल्यासाठी ८ लाख जास्त मागतायत. उरलेला पैसा रंगाचा आणि सीटांचा आहे. रंग आणि सीटा तुम्ही पुढच्या वर्षीही करू शकता.

म्हणून दोन्ही इंजिनांचं आयुष्य शून्य धर. अशीच, पण ताज्या इंजिनाची १७२ कितीला जाते ते काढ, त्यातून ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च वजा कर, आणि जे उरेल तेवढीच तुमची किंमत. घासाघीस तिथून सुरू कर. पुढे इंजिन जितके तास देईल ते तुमचे. पण ओव्हरहॉलचे ३५ लाख खरेदीच्या दिवशीच तिघांच्या नावे वेगळे असले पाहिजेत. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. अर्ध्या पैशात विमान घेऊन इंजिनासाठी पुढच्या वर्षीची वाट बघणारे भागीदार मी पाहिलेत. फिल्टरमध्ये कण दिसले तरी ते आणखी दहा तास उडवतात, कारण पैसे नाहीत. डॉक्टरांना आणि भावाला आजच स्पष्ट विचार. संकोच करू नकोस. उत्तर "बघू" असं आलं तर विमान घेऊ नका.

नुकतंच ओव्हरहॉल झालेलंच बघा असं सांगणाऱ्याला एवढं सांग की ओव्हरहॉल कुणी केलं, कुठले भाग नवे टाकले, कुठले जुनेच घासून बसवले, याची यादी दाखवली तरच त्या शब्दाला किंमत आहे. ताज्या इंजिनात जोडणीच्या चुका पहिल्या शंभर-दोनशे तासांतच डोकं वर काढतात. विकायच्या आधी घाईनं केलेल्या ओव्हरहॉलपेक्षा, ज्याची चाळीस फिल्टरांची नोंद आहे असं १,९६० तासांचं इंजिन मला जास्त ओळखीचं वाटतं. ते काढून चांगल्या ठिकाणी, तुमच्या देखरेखीखाली ओव्हरहॉल झालं, तर पुढचे २,००० तास तुमच्या हातचे.

विमान घेतल्यावर ते पावसाळ्यात कुठे उभं राहणार, हेही तिघांनी आत्ताच ठरवा. तुम्ही जून ते सप्टेंबर ते उघड्यावर ठेवणार असाल, तर पाच वर्षांनी तुमचं विमान आजच्या पहिल्या विमानासारखंच असेल.

तर पहिल्या विमानाच्या मालकांना टॅपेट काढून दाखवाल का असं विचार, आणि नाही म्हणाले तर आभार मानून फोन ठेव. दुसऱ्या विमानाच्या संस्थेकडे तेलाची वही आणि लॉगबुकं मागून दोन दिवस वाच, मग इंजिनिअर घेऊन जा. कॉम्प्रेशन, बोरस्कोप, फिल्टर, उड्डाण, या क्रमानं. या तपासणीचे पैसे तुमच्या खिशातून जातील, जाऊ दे. विमान नाकारलं तरी ते वाया गेले असं समजू नका.

फिल्टर उलगडल्यावर त्याचा आणि चारही एक्झॉस्ट व्हाल्वचा फोटो मला पाठव, मी त्याच दिवशी बघून कळवतो. आणि वावराच्या गिऱ्हाइकाला बाबांनी सांगावं की इसार महिनाभर पुढे ढकला. त्याला जमलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक येईल. नाल्याकडचं ओलिताचं वावर दारव्ह्यात पडून राहत नाही.

तुझा,
काका